आंसाची कुरकूर

(नभोवाणीवर झालेलें भाषण)

मीं आयुष्यभर मराठी शाळेंत मुलें शिकविलीं. मोटारीचें शास्त्र मी कोठल्याहि पाठशाळेंत शिकलों नाहीं. मॅट्रिकच्या परीक्षेंत शास्त्र विषयांत मिळाले तेवढे गुण हीच माझी त्यांतली पदवी. तेव्हां मोटारीच्या आंसांतून येणाऱ्या आवाजांविषयीं आज मी बोलावयास बसलों आहें तो जाणकार म्हणून नव्हे. एका आवाजाकडे मीं तीन आठवडे कानाडोळा केला, त्याची शिक्षा होतां होतां चुकली, आणि त्या दिवसापासून मी ऐकावयास शिकलों, एवढाच माझा अधिकार.

पृथ्वीच्या आंसाचा कल साडेतेवीस अंशांचा हें मुलांकडून घोकून घेतांना मी फळ्यावर नेहमीं बैलगाडीचा आंस काढीत असें. संगमनेर तालुक्यांतील पठारावरच्या मुलांना पृथ्वीपेक्षां गाडी अधिक ओळखीची. गाडीचा आंस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. चाकाच्या तुंब्यांत लोखंडी आवण बसविलेली असते, तिच्यांत आंसाचें टोंक शिरतें, आणि चाक निसटूं नये म्हणून बाहेरून खीळ घातलेली असते. लोखंडानें लोखंड खाऊं नये म्हणून एरंडेलाचें वंगण. वंगणाचा नळा गाडीखालीं लोंबत असे; तो रिकामा असला म्हणजे गाडी येत असल्याचें वेशीपाशीं बसलेल्या माणसाला ती दिसण्यापूर्वींच कळे.

मोटारींत यांतल्या दोन गोष्टी पालटल्या. पहिली ही कीं, घासण्याच्या जागीं लोळणें आलें. आंस आणि चाक यांच्यामध्यें पोलादी गोळ्यांचें किंवा रुळांचें कडें बसविलें म्हणजे एक भाग दुसऱ्यावर घसरत नाहीं, लोळत जातो. याला सारें जग बेअरिंग म्हणतें आणि मराठींतहि तोच शब्द रुळला आहे. त्याला नवा संस्कृत पोशाख चढविण्याची मला हौस नाहीं. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचें पेटंट १८९८ सालीं ज्यानें मिळविलें तो हेन्री टिमकेन हा अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं घोडागाड्या बनविणारा कारखानदार होता. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो आणि तो साध्या रुळांना सोसत नाहीं, ही अडचण गाडीच्याच धंद्यांतली आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या चाकांना एंजिनाचा जोर मिळतो तेथें आंस स्थिर न राहतां स्वत: फिरूं लागला. अँबॅसिडर, पद्मिनी या आपल्या जुन्या मोटारींत तो जोर मागच्या चाकांना असे. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि पुढचीं चाकें ओढणाऱ्या लहान मोटारी घरोघर झाल्या. आपल्या मोटारीचीं कोणतीं चाकें जोराचीं आहेत हें मालकास ठाऊक असलें पाहिजे. पुष्कळांस तें ठाऊक नसतें.

आतां माझी हकीकत सांगतों. साल १९९८. मी पठारावरच्या एका गांवीं शिक्षक होतों. त्या काळीं शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असे. माझ्या वर्गांतलीं चार मुलें बसणार होतीं आणि केंद्र संगमनेरास होतें. मजजवळ तिसऱ्या मालकाकडून घेतलेली एक जुनी मोटार होती, मागच्या चाकांना जोर असलेली. तिच्यांतून तीन आठवड्यांपासून घुमल्यासारखा आवाज येत होता. ताशीं चाळीस किलोमीटरच्या खालीं तो ऐकूं येत नसे. वेग वाढला कीं तो चढे. मला तो डावीकडून येतो असें वाटे. एका मिस्त्रीस मीं तसें छातीठोकपणें सांगितलें, आणि त्यानें मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवून मागच्या डाव्या चाकाचें बेअरिंग बदलून दिलें. आवाज होता तसाच राहिला. तेव्हां तो म्हणाला, टायरचा असेल. मलाहि तेंच ऐकावयाचें होतें, कारण पगार यावयास दहा दिवस होते.

परीक्षेच्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों. पठारावरून पुणें-नाशिक रस्त्यानें संगमनेरकडे येतांना चंदनापुरीचा घाट उतरावा लागतो. आतां तेथें चौपदरी रस्ता झाला आहे. तेव्हांचा घाट अरुंद होता आणि समोरून भरलेल्या मालमोटारी चढत असत. घाट लागला तेव्हां मी मुलांची उजळणी घेत होतों. मागें बसलेला एक मुलगा उत्तर देईना. मीं दटावलें, तसा तो म्हणाला, "गुरुजी, गाडी डावीकडं वळली का चाक रडतंय. उजवीकडं वळली का गप ऱ्हातंय."

त्याच्या वडिलांची ऊंस वाहणारी टायरची बैलगाडी होती. तिच्या आंसावर बेअरिंगें असतात, आणि हंगामांत तो पोरगा तिच्यावर बसून कारखान्यापर्यंत जात असे. पुढच्या दोन वळणांवर मीं कान दिला. तो म्हणत होता तसेंच होतें. तिसऱ्या वळणावर जळक्या वंगणाचा वास आला. मीं मोटार कडेला घेतली, मुलांना उतरवून रस्त्यापासून दूर उभें केलें आणि चाकाला दगड लावले. उजव्या मागच्या चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेववेना इतका ताव होता. आंतल्या बाजूनें तेल ओघळून त्यावर धूळ बसली होती. टायर वरून धरून हलविला तों चाक खुळखुळ्यासारखें डुललें.

मागच्या आंसाच्या या बनावटींत एक गोष्ट मोठी धोक्याची आहे. तेथें आंतला फिरणारा दांडा, ज्याला मिस्त्री लोक हाफशाफ्ट म्हणतात, तो नुसता चाक फिरवीत नाहीं. चाकावरचा भारहि तोच पेलतो. आणि चाकाजवळचें एकच बेअरिंग त्या दांड्याला नळीच्या तोंडाशीं धरून ठेवतें. तें फुटलें तर दांड्यासकट चाक बाहेर येऊं शकतें. घाटाचीं वळणें अजून शिल्लक होतीं. पुढें काय झालें असतें याची कल्पना मीं पुष्कळ रात्रीं केली आहे; ती येथें सांगत नाहीं.

थोड्या वेळानें पुण्याकडून आलेल्या एस. टी.च्या चालकानें मास्तर आणि पोरें पाहून गाडी थांबविली. १९४८ सालच्या १ जूनला एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून आपल्या नगरास आली तेव्हांपासून किती परीक्षार्थी तिनें वेळेवर पोंचविले असतील, देव जाणे; त्या दिवशीं त्यांत चारांची भर पडली. त्या चौघांपैकीं दोघांना शिष्यवृत्ती मिळाली. ज्याच्या कानामुळें आम्ही वांचलों त्याला मिळाली नाहीं. प्रश्नपत्रिकेंत चाकाच्या रडण्यावर प्रश्न नव्हता. ही गोष्ट मला अजून लागते.

त्या मुलानें नेमकें काय केलें तें पाहा. आवाज कोठून येतो हें त्यानें सांगितलें नाहीं; तो केव्हां येतो तें सांगितलें. मी तीन आठवडे कोठून याच प्रश्नांत अडकलों होतों. मोटारीचा पत्रा आवाजाला इकडून तिकडे वाहून नेतो. माझ्या बाजूची कांच थंडीमुळें बंद, डावीकडची उघडी. आवाज दरडीवर आपटून त्या कांचेतून आंत येई आणि मी म्हणें, डावीकडेच आहे. जागेच्या बाबतींत कान सहज फसतो. वेळेच्या बाबतींत तो सहसा फसत नाहीं. म्हणून मोटार मिस्त्रीकडे नेतांना "उजवें चाक वाजतें" असें सांगूं नये. कोणत्या वेगाला वाजतें, कोणत्या वळणाला, पाय दाबल्यावर कीं उचलल्यावर, गाडी भरलेली असतांना कीं रिकामी, तें सांगावें.

डावीकडे वळतांना उजवें चाक कां रडतें? बसमध्यें उभे असलां आणि बस डावीकडे वळली तर तुम्ही उजवीकडे झुकतां. मोटारीचा भारहि तसाच उजव्या चाकांवर झुकतो. तिकडचें बेअरिंग झिजलेलें असलें तर तें अधिक दाबलें जातें आणि ओरडतें. उजवीकडे वळलें कीं त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तें गप्प बसतें. हा नियम बहुतेक वेळां लागू पडतो. क्वचित् दोन्हीहि बाजूंचीं बेअरिंगें खराब असतात, मग मोटार दोन्ही वळणांवर सारखीच कुरकुरते.

आणि मुळांत आवाज होतो कसा? गोळे ज्या पोलादी वाटेवरून लोळतात ती वाट वर्षानुवर्षें दाबली जाऊन थकते, आणि एके ठिकाणीं तिचा बारीकसा खपला उडतो. प्रत्येक गोळा त्या खड्ड्यावरून जातांना एक ठोका देतो. वर्गाच्या खिडकीच्या गजांवरून मुलें पट्टी ओढीत नेतात तें आठवा: सावकाश ओढली तर टक्, टक् असे निराळे ठोके, भरकन ओढली तर सारे ठोके मिळून एक घुमणारा स्वर. म्हणूनच बेअरिंगाचा आवाज चाकाच्या वेगाबरोबर चढतो, एंजिनाच्या वेगाबरोबर नव्हे. याची परीक्षा सोपी आहे. सपाट मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगानें एकदां वरच्या गिअरमध्यें व एकदां त्याच्या खालच्या गिअरमध्यें मोटार चालवावी. एंजिन अधिक गरगरूं लागलें तरी तो स्वर बदलला नाहीं, तर त्याचें मूळ एंजिनांत नाहीं. घाटांत गिअर काढून मोटार सोडून देण्याचा प्रयोग कोणी कोणी सुचवितात. तो कदापि करूं नये.

टायरचा आवाज मात्र बेअरिंगाशीं फार जुळतो, आणि येथें चांगले चांगले मिस्त्रीहि चकतात. फरक असा कीं, टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो. डांबरावरून काँक्रीटवर गेलें कीं तो पालटतो, खडबडीत डांबर संपून गुळगुळीत लागलें कीं नाहींसा झाल्यासारखा होतो. बेअरिंगाला रस्ता कोणता याचें सोयरसुतक नसतें. तरीहि शंका उरली तर पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालून पाहावीं. आवाजाची जागा किंवा जात बदलली तर दोष टायरांचा. या प्रयोगाला तासभराचा वेळ लागतो आणि एका बेअरिंगाचे पैसे वांचतात. मीं तो केला असता तर डावीकडचें चांगलें बेअरिंग फेंकून दिलें नसतें.

हातानें परीक्षा करावयाची ती अशी. मोटार सपाट टणक जमिनीवर घ्यावी, जीं चाकें उचलावयाचीं नाहींत त्यांना पुढून व मागून दगड लावावे, मग एक चाक जॅकनें उचलावें आणि आंसाखालीं किंवा मोटारीच्या सांगाड्याखालीं लोखंडी घोडी द्यावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं हात सुद्धां घालूं नये. चाक वर आणि खालीं, म्हणजे घड्याळाच्या बाराच्या व सहाच्या जागीं, धरून आंतबाहेर हलवावें. खडखड झाली किंवा हाताला ढिलेपणा लागला तर पुढच्या चाकाच्या बाबतींत लगेच निवाडा देऊं नये, कारण तेथें बॉल-जॉइंटहि झिजलेला असूं शकतो. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरावयास सांगावें आणि पुन्हां हलवावें. ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगाचा. तसाच राहिला तर बेअरिंग निर्दोष आहे, दुसरीकडे पाहावें. मग ब्रेक सोडून, गिअर काढून, चाक हातानें सावकाश फिरवावें आणि दुसरा हात कमानीच्या स्प्रिंगवर ठेवावा. जात्यांत खडा आल्यासारखी बारीक करकर बोटांना लागते. कानाला ती ऐकूं येण्याच्या कितीतरी आधीं लागते. जात्यावर बसलेल्या बाईला हें समजावून सांगावें लागलें नसतें, पण आतां जातींच राहिलीं नाहींत.

दुरुस्तीकडे वळूं. जुन्या मोटारींच्या पुढच्या चाकांत बहुधा निमुळत्या रुळांचीं दोन बेअरिंगें असत आणि तीं उघडून, धुवून, पुन्हां वंगण भरून कसतां येत. धुतलेलें बेअरिंग हवेच्या फवाऱ्यानें भिरभिर फिरवून त्याची शीळ ऐकण्याची गॅरेजमधल्या पोरांना मोठी हौस असते. कोरडें बेअरिंग असें फिरविणें म्हणजे त्याचा गळा दाबणें. वंगण तळहातावर घेऊन रुळांच्या रुंद बाजूनें दाबीत जावें, दुसऱ्या बाजूनें तें बाहेर डोकावेपर्यंत. मग चाक फिरवीत फिरवीत मधला नट आवळावा म्हणजे रूळ आपापल्या जागीं बसतात, आणि नंतर तो किंचित् मागें घ्यावा. अगदीं सैल नको, पण घट्ट तर मुळींच नको. घट्ट आवळलेलें बेअरिंग कांहीं मैलांतच निळें पडतें. शेवटीं नटांतून घालावयाची स्प्लिट पिन नवी घालावी. चार आण्यांची जुनी पिन सरळ करून पुन्हां घालणाऱ्यानें चाकाची किंमत आधीं विचारून ठेवावी.

अलीकडच्या मोटारींत हें कसण्याचें काम उरलें नाहीं. बेअरिंग दोन्ही तोंडांनीं बंद असतें, वंगण जन्मभराचें आंत भरलेलें असतें, आणि वाजूं लागलें कीं सबंध बदलावयाचें. काम सोपें झालें असें वाटतें. पण आंत बसवितांना चूक करण्यास जागा वाढली आहे. बेअरिंगाला दोन कडीं असतात, आंतलें आणि बाहेरचें. जें कडें बसवावयाचें त्याच कड्यावर दाब दिला पाहिजे. बाहेरचें कडें खोबणींत बसवितांना आंतल्या कड्यावर ठोकलें तर सारा मार मधल्या गोळ्यांतून जातो, पोलादी वाटेवर बारीक खळगे पडतात आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं गाऊं लागतें. मग गिऱ्हाईक म्हणतें माल बनावट, दुकानदार म्हणतो मिस्त्री अडाणी. हातोडीनें बेअरिंग बसवितांना पाहिलें तर नम्रपणें मोटार तेथून काढून दाबयंत्र असलेल्या ठिकाणीं न्यावी. ज्या मोटारींत चाक न घसरतां थांबविणाऱ्या ब्रेकची योजना आहे, त्यांपैकीं पुष्कळांत बेअरिंगाच्या एकाच बाजूला चुंबकाची पट्टी असते. ती उलटी गेली तर समोरचा दिवा विझत नाहीं. आणि ओढणाऱ्या चाकाच्या मध्यावरील मोठा नट किती आवळावयाचा याचा आंकडा कारखान्याच्या पुस्तकांत दिलेला असतो. तो मोजून आवळणाऱ्या पान्ह्यानेंच आवळावा, आणि ढिला असतांना मोटार त्या चाकावर ढकलूं नये.

आतां पुढचीं चाकें ओढणाऱ्या मोटारींचा खास आवाज. हें चाक एकाच वेळीं फिरतें, वळतें आणि खालींवर होतें. तरी त्याला जोर अखंड पोंचला पाहिजे. हें कोडें सोडविणारा गोळ्यांचा सांधा आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत बनविला, आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींत चाकाजवळ त्याच जातीचा सांधा असतो. तो झिजला कीं घुमत नाहीं, कटकटतो. सुकाणूचें चाक पुरें वळवून, अंगणांतून बाहेर पडतांना पाय दाबला कीं कट्-कट्-कट्; सरळ झालें कीं बंद. मोकळ्या मैदानांत सावकाश गोल फेरे दोन्ही बाजूंनीं मारून हें कोणासहि ऐकतां येईल. याच दांड्याचा आंतला, एंजिनाकडचा सांधा झिजला तर मात्र कटकट होत नाहीं. वेग घेतांना सारी मोटार थरथरते आणि पाय उचलला कीं थरथर थांबते.

या सांध्यांवर एक रबरी घडीदार पिशवी असते. दुकानांत तिला बूट म्हणतात. सांधा सहसा स्वत: मरत नाहीं, हा बूट फाटतो, फिरत्या सांध्यांतून काळें वंगण भिरकावलें जाऊन चाकाच्या आंतल्या बाजूवर शिंपडतें, आणि त्याच्या जागीं आमच्या पठाराची मुरमाड धूळ शिरते. धूळ आणि वंगण मिळून उत्तम पॉलिश तयार होतें, पोलाद खाणारें. म्हणून दर दोन महिन्यांनीं सुकाणू पुरें वळवून, विजेरीच्या उजेडांत बुटांच्या घड्या पाहाव्या. चीर नवी असेल आणि सांधा अजून वाजत नसेल तर सांधा धुवून, त्याच्यासाठींचें काळें वंगण भरून नवा बूट घातला कीं काम भागतें. एकदां कटकट सुरू झाल्यावर नवा बूट चढविणें व्यर्थ. सांधाच बदलावा लागतो, आणि त्याला बुटाच्या अनेक पट पैसे पडतात.

मागच्या चाकांना जोर असलेल्या गाड्यांत, जीप आणि मालवाहू गाड्या आजहि यांत येतात, एंजिनापासून मागें जाणारा लांब दांडा असतो आणि त्याच्या टोंकांना क्रॉस नांवाचे सांधे. गाडी पुढें निघतांना किंवा मागें घेतांना 'टण्' असा एकच आवाज आला तर क्रॉस पाहावा. हळू चालतांना खालून चिमणी बोलल्यासारखें वाटलें तर क्रॉस कोरडा पडला आहे. ग्रीस भरण्याची सोय असेल तर तेवढ्यानें कधीं कधीं निभावतें. पाय दाबल्यावर एक सूर आणि उचलल्यावर दुसरा सूर, असा लांबट हुंकार मागच्या गोल पेटींतून येत असेल तर क्राऊन-पिनियनचे दांते झिजले किंवा तेल उतरलें. तेलाची पातळी आपण पाहूं शकतों. बाकीचें काम घरीं करण्याचें नव्हे.

माझ्या मोटारींतलें तेल चाकाशीं कां ओघळलें होतें, हा उलगडा राहिला. संगमनेरच्या ज्या मिस्त्रीनें पुढें ती मोटार उघडली त्यानें मला आंसाच्या नळीवरचें बोटभर टोपण दाखविलें. आंतली हवा तापून फुगली म्हणजे ती बाहेर जाण्याची ती वाट. चिखलानें ती बुजली होती. मग फुगलेल्या हवेनें तेलाला ऑइल सीलमधून बाहेर ढकललें, सील फाटलें, त्या वाटेनें पाणी आणि धूळ आंत गेली आणि बेअरिंग कुजलें. आदल्या पावसाळ्यांत मीं दोनदां पाण्याखालचा फरशी-पूल ओलांडला होता. तापलेला आंस थंड पाण्यांत गेला कीं आंतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून पाणी ओढून घेते. आजकाल मोटारी धुण्याच्या ठिकाणीं जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर धरतात, तोहि हेंच करतो.

एक विजेवर चालणारी मोटार माझ्या मुलाकडे आहे. तिला एंजिनाचा आवाज नाहीं. पहिल्या दिवशीं तींत बसल्यावर मला टायर, वारा, खडी सारें ऐकूं आलें. अशा मोटारींत बेअरिंगाची कुरकूर लवकर कानीं पडेल, असें मला वाटतें. पण मुलगा आंत बसतांच गाणीं लावतो. महिन्यांतून एकदां, ओळखीच्या एका रस्त्यावर, गाणीं बंद करून आणि कांचा उतरवून दोन किलोमीटर मोटार चालवावी अशी माझी त्याला सूचना आहे. शक्य तर मागें एखादें लहान मूल बसवावें. साठीनंतर उंच स्वर आपल्याला ऐकूं येत नाहींत. मुलांना येतात, फक्त त्यांना विचारावें लागतें.

एका श्रोत्यानें मागें पत्रानें विचारलें होतें कीं, एका बाजूचें बेअरिंग गेलें तर दुसऱ्या बाजूचेंहि बदलावें काय. हातानें परीक्षा करून तें गुळगुळीत व घट्ट लागलें तर बदलूं नये. मात्र निमुळत्या रुळांच्या बेअरिंगांत रुळांचा भाग नवा आणि बाहेरची वाटी जुनी असा संसार मांडूं नये. दोन्ही एकाच जोडीचीं घालावीं. आणि नवें बेअरिंग घातल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून चारहि चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा, टेकवूं नये. एक चाक इतर तिघांपेक्षां अधिक तापलेलें लागलें तर त्याच दिवशीं परत फिरावें.